धरलेली जागा

१

आईचा व्हिडिओ कॉल रोज चहाच्या वेळी यायचा. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे दुपार. फोन कसा धरायचा ते तिला कधीच जमलं नाही. त्यामुळे स्वित्झर्लंड म्हणून मी जे पाहिलं ते मुख्यतः आईचं कपाळ, बसचं छप्पर आणि मधूनच कोणाचा तरी कान.

"आई, बर्फ दाखव ना," मी म्हणायचो.

"दिसतोय ना तुना!" ती ओरडायची, आणि मला तिच्या नाकातली चमकी दिसायची.

खरं तर मीही तिच्या शेजारी असायला हवा होतो. बुकिंग दोघांचं होतं. बर्फावर एकदा पाय ठेवायचा हे आईचं जुनं वेड. बाबा होते तेव्हा शेती आणि मिठागरातून सवड झाली नाही. पुढे जमिनी सरकारी प्रकल्पात गेल्या, आम्ही गव्हाण गाव सोडून पनवेलात फ्लॅटमध्ये आलो, माझा क्रेन भाड्याने द्यायचा धंदा बरा चालू लागला, तेव्हा म्हटलं, चल आई. माझी बायको हेतल शाळेत शिकवते, तिला निकालाच्या कामातून निघता येईना. म्हणून मायलेक निघणार होतो. आईचा व्हिसा आला, माझा आला नाही. पासपोर्ट कुठल्याशा कचेरीत अडकला होता आणि फोनवरचा माणूस रोज त्याच गोड आवाजात "प्रोसेसमध्ये आहे सर" म्हणायचा. मे महिन्यातलं पनवेल, साइटवर तापलेलं लोखंड आणि वर हा गोड आवाज. डोक्याला नुसता ताप.

शेवटी ठरलं की आईने ग्रुपबरोबर पुढे जायचं. सोबतीला कृष्णाबाई आत्या, म्हणजे बाबांची बहीण होतीच. व्हिसा आला की मी मागून जाऊन त्यांना गाठायचं.

तोवर आईने माझी जागा धरून ठेवली होती.

पनवेलच्या एसटी स्टँडवर ज्याने उरणची गाडी पकडली आहे, त्याला हे सांगायला नको. गाडी नीट उभी राहायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा आपली. मग कोणी आलंच तर "माणूस आहे इथे" एवढं म्हणायचं. माणूस कुठे आहे, असं सहसा कोणी विचारत नाही. आई यात इतकी तरबेज की बाबा आरामात मागून पान खात यायचे.

तिकडच्या बसमध्येही तिने तेच केलं होतं. फोन गरकन फिरला आणि शेजारच्या सीटवर पसरलेला तिचा निळा रुमाल दिसला.

"तुजी जागा हाय, बग. कोनाला बसू नाय दिला."

मला हसू आलं. थोडं बरंही वाटलं, का खोटं बोला.

२

मग स्वानंदचे फोन सुरू झाले. स्वानंद म्हणजे त्यांचा टूर मॅनेजर. पनवेलचाच मुलगा, बोलायला नम्र, पण आवाज रडकुंडीला आलेला.

"सर, काकूंना जरा समजवा ना. बसचं ठीक आहे, सीट तुमचीच आहे. पण आज केबल कारमध्येही रुमाल टाकला त्यांनी. लहान पाळणा होता सर, मोजकी माणसं बसतात. एक गोरं म्हातारं जोडपं आत येत होतं, त्यांना काकूंनी हाताने अडवलं. माणूस आहे म्हणाल्या. मराठीत. ते बिचारे सॉरी म्हणून खाली उतरले."

"मग?"

"मग काय, पाळणा तसाच वर गेला. रिकाम्या जागेसकट. ग्रुपमधले लोक चिडलेत. त्यांना खिडकी पाहिजे असते, फोटो पाहिजे असतात."

मी साइटवर उभा होतो. समोर क्रेनला लोंबकळणारा गर्डर आणि कानाशी आईच्या रुमालाचं प्रकरण. मी म्हटलं, बघतो.

त्याच दुपारी व्हिसाचा निकाल लागला. नाकारला होता. कारण दिलं नव्हतं. मी फोन केला, गोड आवाज म्हणाला, "पुन्हा अर्ज करू शकता सर." मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

चहाच्या वेळी आईला सांगितलं, की मी येत नाही. स्क्रीनवर तिची हनुवटी आणि मागे ढग.

"मंग जागा?" तिने विचारलं.

"सोड ना आता. बसू दे कोणाला तरी."

"अशी कशी सोरू? सगल्यांना सांगितलाय मी, मानूस हाय म्हनून. आता नाय कसा सांगू?"

"आई, तिकडे कोणाला काय पडलंय!"

"मी खोटी परन ना रं," ती म्हणाली.

इतक्या साध्या गोष्टीवर इतकी हट्टाला पेटलेली मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी चिडलो. काय करायचं ते कर, म्हणून फोन ठेवला. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायलो.

३

दुसऱ्या दिवशी त्यांची फ्युनिक्युलर होती, डोंगरावर तिरकी चढणारी गाडी. हेतलला मी आदल्या रात्री जेवताना समजावून सांगितलं होतं, कारण दोर आणि वजन हा माझा विषय. अशा गाड्या जोडीने असतात. एकाच दोराच्या दोन टोकांना दोन डबे. एक खाली येतो, त्याच्या वजनाने दुसऱ्याला वर चढायला मदत होते. रूळ बहुतेक एकच, फक्त मधोमध तो फाटून त्याचे दोन होतात. तिथे दोन्ही डबे एकमेकांच्या अगदी जवळून जातात.

"म्हणजे खालचा आला तरच वरचा जाणार," हेतल म्हणाली.

"तसंच काहीसं."

कॉल आला तेव्हा मी गॅलरीत होतो. स्क्रीनवर आई होती. पूर्ण आई. चेहरा मधोमध, पदर नीट, मागे मोठी काच आणि काचेपलीकडे बर्फाचा उतार. फोन जराही हलत नव्हता. आईचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्यात निळा रुमाल घडी करून ठेवलेला.

"वा, आज छान दिसतेस," मी म्हणालो. "फोन कोणी धरलाय?"

आई हसली. माझ्याकडे बघून नाही, फोनच्या थोडं वर बघून, म्हणजे जिथे धरणाऱ्याचा चेहरा असेल तिथे.

"आत्या आहे का? आत्याला दे जरा."

"सरक जरा इकरं," आई म्हणाली. मला नाही. "ऊन लागतंय तुना."

आणि फोन सरकला. अलगद, सावकाश. गाडी चढत होती, मागची झाडं तिरकी खाली जात होती आणि चित्र मात्र भिंतीला टांगल्यासारखं स्थिर. मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो. धरणाऱ्याने कॉल बंद केला. आईचे हात तर शेवटपर्यंत मांडीवरच होते.

मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "मी कुटची जाते बाबा, गुडघा सुजलाय. हॉटेलावर परलीय सकालधरून."

बरं, मग ग्रुपमधलं दुसरं कोणीतरी असेल. एवढी माणसं आहेत. मी तेच धरून बसलो. त्यानंतर आईचा कॉल आला नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. मीच लावायचो आणि ती उचलायची नाही. एकदा उचलला, तोही वैतागून.

"सारका सारका कोन फोन करतंय?"

"मी आहे, प्रणित."

पलीकडे ती कोणाला तरी म्हणाली, "बग रं, कोन म्हंतोय, मी प्रणित." आणि तिचं हसू ऐकू आलं. मग ती मला म्हणाली, अगदी समजूतदारपणे, "रॉंग नंबर हाय दादा. माजा प्रणित माज्या बाजूला बसलाय."

४

त्यांना आणायला मी विमानतळावर गेलो. आत्याने मला पाहून हात केला. आई सामानाची गाडी ढकलत आली, माझ्यासमोर थांबली आणि ती माझ्याकडे सरकवली.

"गारी कुटं लावलाव तुमी?"

तुमी. मला जन्मात आईने तुमी म्हटलं नव्हतं. मला वाटलं रुसली असेल. प्रवासाचा शीण, वय, उंचावरची विरळ हवा, कारणं काय थोडी असतात? मी तिच्या पाया पडलो तर ती संकोचून मागे सरली आणि "राऊं द्या, राऊं द्या" म्हणाली. आत्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

"आत्या, काय झालंय हिला?"

"मना काय म्हाईत! मी नाय गेले त्या गारीत," ती म्हणाली आणि गावाहून तिला न्यायला आलेल्या गाडीत पटकन बसून गेली.

आई मागे बसली. पुढचं दार मात्र तिने आधी उघडलं, जरा वेळ उघडंच धरलं आणि मग लावलं. मी गाडी सुरू केली तशी पिंग पिंग सुरू झाली. पट्टा न लावल्याची. माझा पट्टा लावलेला होता. डॅशबोर्डवर शेजारच्या सीटचं लाल चिन्ह पेटलं होतं. सीटवर काही नव्हतं. ना पिशवी, ना बाटली. मी हात फिरवून पाहिला. सीट जरा ओलसर लागली.

खाडीपूल येईपर्यंत ती पिंग पिंग चालू होती. सेन्सर बिघडला असेल. नव्या गाड्यांचं हेच, पैसे मोजून वैताग विकत घ्यायचा. शेवटी सिग्नलला मी शेजारचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून घालून खटकन अडकवला. आवाज थांबला.

"आता कसा," मागून आई म्हणाली. "मगापासून सांगते त्याला, पट्टा लाव."

५

डॉक्टरबाई चांगल्या होत्या. त्यांनी आईला बरंच काही विचारलं. आज वार कोणता, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा केले तर किती. आईने सगळं बरोबर सांगितलं. सात वजा करताना तर माझ्यापेक्षा पटकन.

"मुलं किती तुम्हाला?"

"एकच. प्रणित."

"आणि हे कोण?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, संभ्रम नव्हता. अनोळखी माणसाकडे आपण बघतो तशी साधी, भली नजर होती.

"हे गारीवाले. विमानतलावर आलते. चांगले हायत बिचारे."

बाहेर आल्यावर डॉक्टरबाई मला म्हणाल्या, असं होऊ शकतं. जवळच्या माणसाचा चेहरा ओळखू येतो, पण तो आपला वाटत नाही. त्याला एक लांबलचक नाव आहे, ते त्यांनी सांगितलं. मेंदूचा फोटो काढू म्हणाल्या. तोही काढला. फोटोत काहीच नव्हतं. मला काहीतरी असायला हवं होतं, अगदी मनापासून. काही सापडलं असतं तर त्यावर गोळी तरी मिळाली असती.

घरी जेवायच्या टेबलावर भिंतीकडची खुर्ची माझी. पहिल्याच दिवशी आईने तिथे ताट वाढलं. मी बसायला गेलो तर तिने माझं मनगट धरलं.

"तितं नको. मानूस हाय तितं."

"आई, मी आहे ना तो माणूस!" मी ओरडलो. एवढ्या जोरात मी घरात कधी ओरडलो नव्हतो. आई घाबरली, तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला आणि ती रडायला लागली. हेतल धावत आली.

"अहो, बसा ना दुसऱ्या खुर्चीवर. काय बिघडतं? आजारी आहेत त्या."

बरोबरच होतं तिचं. मी दुसऱ्या खुर्चीवर बसलो. आईने डोळे पुसले आणि भिंतीकडच्या खुर्चीपुढच्या ताटात माशाचं डोकं वाढलं. डोकं लहानपणापासून मलाच मिळतं. मी त्या ताटाकडे बघत जेवलो.

त्या खुर्चीखाली पाणी साचायला लागलं. हेतल पुसायची, ते पुन्हा यायचं. वर एसी आहे, तोच गळत असणार. एसीवाला आला, सगळं उघडून बघितलं आणि म्हणाला, साहेब, पाइप कोरडा आहे. दुसरा एसीवाला बोलावला. त्यानेही हात वर केले. तो गेल्यावर मी स्वतः पाण्यात बोट बुडवून पाहिलं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि ते पाणी इतकं गार की बोटाला कळ लागली.

६

एखादी गोष्ट रोज घडली की ती घराची रीत होऊन जाते. ते ताट तसंच झालं. आधी आई वाढायची. मग आईचे हात दुखतात म्हणून हेतल वाढू लागली. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांच्या समाधानासाठी हो." ताटातलं जेवण कमी व्हायचं की नाही हे मी पाहायचं टाळलं. मांजर असेल, आईच खात असेल, मला काय करायचंय!

एका रविवारी मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. चहाची वाट बघून कंटाळलो आणि हाक मारली.

हेतल स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आत्ताच तर नको म्हणालात."

"मी? कधी?"

"आत्ता. खोलीत गेले तेव्हा. पडून होतात ना?" ती माझ्याकडे बघत राहिली, मग बेडरूमच्या दाराकडे. तिच्या कपाळावर आठी पडली, पण ती आठी मला बघून पडली होती. दाराकडे बघताना ती सैल झाली.

मी खोलीत गेलो. कोणी नव्हतं. माझ्या बाजूची गादी दबलेली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली, कापसात हवा भरावी तशी. मी तिथेच उभा राहिलो. मग मी पंखा बंद केला, पुन्हा लावला, कपाट उघडलं, लावलं. भेदरलेला माणूस अशीच कामं करतो.

सोमवारी साइटवर जायला गाडीत बसलो, सुरू केली, कॉलनीच्या फाटकाबाहेर आलो. पट्टा लावायचा राहिला होता हे हायवेवर माझ्या लक्षात आलं. पिंग पिंग झालीच नव्हती. मी गाडी कडेला घेतली. सीटवर उठून बसलो, जोरात आदळून बसलो, मुठीने सीट बडवली. काही नाही. गाडीच्या लेखी तिथे कोणी बसलेलंच नव्हतं.

मागून एक ट्रकवाला हॉर्न मारत गेला. मला त्याचे आभार मानावेसे वाटले. त्याला तरी मी दिसलो होतो.

७

लाइन आळीत एका दुकानावरच्या माळ्यावर टूरवाल्यांचं ऑफिस होतं. भिंतींवर बर्फाचे डोंगर, लाल पाळणे, हसरी कुटुंबं. स्वानंद मला बघून उठला, पण त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर प्रश्न होता. नाव सांगितलं तेव्हा "हां हां सर, बसा" म्हणाला.

"त्या गाडीत काय झालं?" मी विचारलं. "त्या तिरक्या गाडीत. आईशेजारी कोण बसलं होतं?"

"कोणी नाही सर. म्हणजे..." त्याने खिडकीकडे पाहिलं. "म्हणजे सुरुवातीला नव्हतं."

"सुरुवातीला म्हणजे?"

"मी व्हिडिओ काढत होतो. ग्रुपला पाठवायला. पण तो नाही पाठवला मी."

मी बराच डाफरलो. पैसे भरलेत, आई तुमच्या भरवशावर पाठवली होती, वगैरे. तो वाद घालत बसला नाही. त्याने फोन काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

डबा चढतोय. लोक बोलताहेत, कोणीतरी चकल्यांची पिशवी फोडतंय. आई खिडकीशी. शेजारी रिकामी सीट, तिच्यावर निळा रुमाल. स्वानंदचा आवाज: आता बघा हं, समोरून दुसरी गाडी येईल. रूळ फाटतो. वरून दुसरा डबा येतो, अगदी हाताच्या अंतरावर. सगळे हात हलवायला तयार, पण तो डबा रिकामा आहे. एका मागे एक रिकाम्या सीट सरकत जातात.

एक रिकामी नव्हती. तिच्यावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, उताराकडे तोंड करून. अंगात कोट नव्हता. तिकडच्या थंडीत नुसता अर्ध्या बाह्यांचा शर्ट.

आईने त्याला पाहिलं. ती अर्धी उठली, काचेवर हात आपटला. इतक्या आवाजातही तिचं बोलणं नीट ऐकू येत होतं. "ए, यं! इकरं यं! जागा हाय!" आणि तिने सीटवरचा रुमाल उचलला.

दोन्ही डबे एकमेकांना ओलांडत असताना त्या पाठमोऱ्या माणसाने उठायला सुरुवात केली.

मग खांब आला, अंधार झाला, उजेड झाला. तो डबा खाली निघून गेला होता. स्वानंदने कॅमेरा पुन्हा आईकडे वळवला होता. ती हसत होती, पाय आखडून कोणाला तरी शेजारी बसायला जागा करून देत होती. तिथे व्हिडिओ संपला.

"पुढचं?"

"पुढचं मी नाही काढलं सर," स्वानंद खिडकीकडे बघतच म्हणाला. "नंतर हॉटेलात, बसमध्ये, विमानात, सगळे म्हणायला लागले, काकूंचा मुलगा आला वाटतं. मीपण जेवणाच्या ऑर्डरमध्ये एक वाढवला. मला वाटलं, तुम्हीच आलात."

८

वाटेत मी ठरवलं होतं. घरात जायचं, सरळ त्या खुर्चीत बसायचं. आई रडू दे, हेतल ओरडू दे, उठायचं नाही. माझं घर, माझी आई, माझी जागा. व्हिसा कोणी नाकारला म्हणून मी माझं सगळं सोडून देणार होतो की काय? संताप असा होता की जिन्यातच मुठी वळल्या होत्या.

दारापाशी आलो. किल्ली खिशात होती. तरी मी बेल वाजवली. का, ते मला अजून सांगता येत नाही.

आईने दार उघडलं. तिच्या खांद्यावरून आत टेबल दिसत होतं. हेतल भात वाढत होती आणि कशावर तरी हसत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी हसायची तशी. भिंतीकडच्या खुर्चीत माझा चौकड्यांचा शर्ट होता. एक कोपर टेबलावर, मी टेकवतो तसं. मान खाली, केस भिजलेले. टेबलाच्या पायापाशी पाणी चमकत होतं.

दोन पावलं टाकायची होती फक्त. मी टाकली नाहीत. मला भीती वाटली, सरळ सांगतो. त्याची नाही. त्याने मान वर केली असती आणि हेतलने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहून निवड केली असती, त्याची.

"कोन पायजे?" आईने विचारलं. मग तिने मला ओळखलं. "अगोबाई, गारीवाले! असे बाहेर का उबे? जेवलाव का?"

मी नाही म्हणालो. दिवसभर काहीच पोटात गेलं नव्हतं.

"मंग या की. पोरगा जेवतोय आत, तुमाला इतंच वारते." तिने दाराजवळच्या स्टुलावरची वर्तमानपत्रं उचलली, मला बसवलं आणि आत जाऊन ताट घेऊन आली. भात, आमटी, तळलेले बोंबलाचे काप. समोर जमिनीवर बसली आणि मी घास घेतो की नाही ते बघत राहिली. कोणाच्याही पोराला वाढताना ती अशीच बघते. मी जेवलो. चव तीच होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मला थांबवता येईना.

"तिकट लागला का?" ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मग जरा वेळाने, आपुलकीने, "घरी कोन कोन हाय तुमच्या? आई हाय?"

आत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. आईने तिकडे पाहिलं नाही. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"आहे," मी म्हणालो. "फिरायला गेलीय. बर्फ बघायला. अजून परत आली नाही."